कांचनजंगाचा माथा: परवानगी कोणाची?

जगातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर माणूस पहिल्यांदा पोचला, तेव्हा त्याने मुद्दाम माथ्यावर पाय ठेवला नाही. २५ मे १९५५ ची ही गोष्ट. जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक कांचनजंगाचा शेवटचा खडक चढून वर आले. समोर काही पावलांवर, साधारण माणसाच्या उंचीएवढा बर्फाचा उंचवटा उरला होता. तोच माथा, ८,५८६ मीटर. दोघं तिथे थांबले आणि तिथूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर वर आले. स्ट्रेदर हे फौजी अधिकारी. तेही तिथेच थांबले आणि उतरले.

त्यांच्या अंगात ताकद उरली नव्हती किंवा हवा बिघडली होती, असं काही नव्हतं. मोहिमेचे नेते चार्ल्स इव्हान्स यांनी सिक्कीमचे चोग्याल, म्हणजे तिथले राजे, ताशी नामग्याल यांना शब्द दिला होता की माथ्याला कोणी पाय लावणार नाही. खरं तर मोहीम नेपाळच्या बाजूने चढत होती, सिक्कीमच्या हद्दीत तिचा तळही नव्हता. तरी शब्द दिला आणि पाळला. हे इव्हान्स १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत उपनेते होते. हिलरी आणि तेनझिंग पोचले त्याच्या तीन दिवस आधी ते एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परत आले होते. माथा डोळ्यांसमोर असताना मागे फिरणं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कांचनजंगावरच्या आपल्या पुस्तकाला त्यांनी नावही ‘पाय न लागलेलं शिखर’ अशाच अर्थाचं दिलं.

सिक्कीमच्या पोस्टिंगवर मी आधी लिहिलं ते रस्त्यांवर, पावसावर आणि दरडींवर. हा विषय मनात होता, पण तो लिहायला थोडा अवघड. कारण यात आपल्या फौजेचाही भाग आहे, आणि आपण मराठी डोंगरवेड्यांचाही. प्रश्न साधा आहे. एखाद्या डोंगराला तिथले मूळ रहिवासी देव मानत असतील, तर हौसेखातर बाहेरच्या माणसाने त्यावर चढावं का? आणि चढायचं असेल तर परवानगी कोणाची घ्यायची?

आधी तो डोंगर तिथल्या लोकांचा कोण लागतो, ते पाहू.

सिक्कीमचे सगळ्यांत जुने रहिवासी म्हणजे लेपचा. ते स्वतःला रोंग म्हणवतात. त्यांच्या परंपरेत सृष्टी घडवणारी आई आहे, इतबु-मू. तिने कांचनजंगावरचा ताजा बर्फ घेऊन पहिला पुरुष फोडोंगथिंग आणि पहिली स्त्री नाझोंगन्यू यांना घडवलं. म्हणजे लेपचा माणूस त्या डोंगराच्या बर्फापासूनच झालेला आहे. माणूस वारला की मुन किंवा बोंगथिंग, म्हणजे त्यांचे पुजारी, त्याच्या आत्म्याला वाट दाखवतात. ती वाट कांचनजंगाकडे जाते, जिथून पहिले पूर्वज आले तिकडे. शिवाय प्रत्येक लेपचा कुळाचं स्वतःचं एक शिखर, एक तळं आणि पलीकडच्या जगात जाणारी एक गुहा ठरलेली असते. आपल्याकडे कुलदैवत असतं तसंच, फक्त इथे देऊळ बांधलेलं नाही. डोंगर हेच देऊळ.

लेपचांनंतर तिबेटकडून भुतिया आले. त्यांच्या भाषेत कांचनजंगा या नावाचा अर्थ थोरल्या हिमाचे पाच खजिने. शिखरंही पाच आहेत. मीठ, सोनं आणि रत्नं, पोथ्या, शस्त्रं, धान्य आणि औषधं असे ते खजिने सांगतात, गावागणिक यादी थोडी बदलते. गंगटोकहून उत्तर सिक्कीमकडे जाताना कबी लुंगचोक लागतं. ज्यांनी त्या भागात नोकरी केली आहे त्यांच्या गाड्यांचे ताफे तिथून शेकडो वेळा गेले असतील. रस्त्याच्या कडेला झाडीत जुने उभे दगड आहेत. लेपचांचा म्होरक्या थेकोंग टेक आणि भुतियांचा म्होरक्या ख्ये बुमसा यांनी तिथे रक्ताच्या भावकीची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. शपथेला साक्षीदार कोण? कांचनजंगा. आपल्याकडे रिक्रूट कसम परेडला धर्मग्रंथावर हात ठेवून किंवा ध्वजासमोर कसम घेतो, तशीच ही दोन जमातींची कसम परेड समजा. तिच्या आठवणीत दरवर्षी पांग ल्हाबसोल हा सण होतो. तिसरे चोग्याल चाकदोर नामग्याल यांनी त्यात योद्ध्यांचा नाच सुरू केला. डोंगराचा देव झोंगा लाल मुखवटा आणि पाच कवट्यांचा मुकुट घालून येतो, त्याच्यामागे ढाल-तलवार घेतलेले योद्धे. मी तो नाच रावंगलाला पाहिला. पावलं आणि ललकाऱ्या ऐकून आमच्याबरोबरचे जवान आपोआप ताठ उभे राहिले होते.

म्हणजे हा डोंगर लेपचांचा पूर्वज, भुतियांचा रक्षक आणि दोघांच्या मैत्रीचा साक्षीदार. नेपाळच्या बाजूला राहणारे लिंबू लोकही त्याला पवित्र मानतात. हे समजल्यावर चोग्यालांनी इव्हान्सकडून शब्द का घेतला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्या फौजेची गोष्ट. कांचनजंगावर दुसरी यशस्वी चढाई भारतीय लष्कराची. साल १९७७. नेते कर्नल नरेंद्र कुमार, कुमाऊं रेजिमेंटचे, सगळी फौज त्यांना ‘बुल’ कुमार म्हणून ओळखायची. पायाची बोटं हिमदंशात गेलेली, तरी डोंगर सुटला नाही. पॉल बाउअर यांच्या जर्मन पथकांना १९२९ आणि १९३१ मध्ये ज्या ईशान्येच्या सोंडेने हरवलं होतं, त्याच वाटेने, सिक्कीमच्या बाजूने, आपले लोक गेले. ३१ मे १९७७ रोजी मेजर प्रेमचंद आणि नाईक निमा दोरजे शेर्पा वर पोचले. तेही माथ्याच्या काही फूट खाली थांबले. सिक्कीम भारतात विलीन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. चोग्यालांची राजवट संपलेली, त्यांना जाब द्यायचा प्रश्नच नव्हता. तरी मान राखला गेला. फौजेतल्या माणसाला याचा अभिमान वाटावा, मलाही वाटतो.

पण उत्तर सिक्कीममध्ये असताना या अभिमानाला एक वेगळी बाजू कळली.

मंगनच्या पुढे सिंघिक नावाची जागा आहे. आकाश स्वच्छ असलं की तिथून कांचनजंगा पूर्ण दिसतो. समोर तीस्तेपलीकडे झोंगू, लेपचांसाठी राखलेला प्रदेश. आमच्याबरोबर पोर्टर म्हणून काम करणारा झोंगूचा एक वयस्क लेपचा होता. आम्ही सगळे त्याला दाजू म्हणायचो. १९५५ आणि १९७७ ची हकीकत मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितली, आपले लोक कसे चार पावलं आधी थांबले वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “साब, तुमच्या गावच्या देवळाच्या कळसावर कोण चढतं?”

मी म्हटलं, “रंग द्यायला, ध्वज लावायला चढतात. बाकी कोणी नाही.”

“आणि कोणी परगावचा आला, कळसाच्या चार बोटं खाली बसला, फोटो काढला आणि म्हणाला, बघा, मी तुमच्या देवाचा मान ठेवला. मग?”

यावर मी काही बोललो नाही. दाजूही पुढे बोलला नाही, त्याने विडी पेटवली.

आपल्याला हा मुद्दा चटकन पटत नाही, त्याला कारण आहे. महाराष्ट्रात डोंगर चढणं हीच भक्ती असते. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि देवीचं देऊळ अगदी माथ्यावर. लोखंडी शिड्या चढून नवरात्रात हजारो लोक जातात. गडावर जायचं, देवीला नारळ फोडायचा, भाकरी खायची आणि उतरायचं, या संस्कारात आपण वाढलो. देव वर असेल तर वर जायचं, हे आपलं गणित. म्हणून ‘देव आहे म्हणून वर जायचं नाही’ हे ऐकलं की आपल्याला ते विचित्र वाटतं.

पण तेही आपल्याकडे आहे. सप्तशृंगगड घ्या. देवीचं मंदिर कड्याच्या मध्यावर, पायऱ्यांनी सगळे जातात. त्याच्यावरचं शिखर मात्र वेगळं. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात त्या शिखरावर कीर्तिध्वज लावला जातो, आणि तो मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. रात्रीच्या अंधारात ध्वज घेऊन त्या अवघड कड्यावर जायचं ते त्यांनीच. उद्या कोणी दोर आणि खिळे घेऊन आला आणि म्हणाला की हा कडा तांत्रिक चढाईसाठी उत्तम आहे, मी माथ्याच्या चार फूट खाली थांबेन, तर वणी-कळवणचे लोक काय म्हणतील याचा अंदाज प्रत्येक मराठी वाचकाला आहे. दाजूचा प्रश्न यापेक्षा वेगळा नव्हता.

चार पावलं आधी थांबणं हे चढणाऱ्याचं सौजन्य आहे. चांगली गोष्ट आहे, तिची किंमत मी कमी करत नाही. पण सौजन्य किती दाखवायचं हे चढणारा ठरवतो. त्यात ज्यांचा देव आहे त्यांच्या हातात काहीच राहत नाही. एकाने चार फूट सोडले, दुसरा सोडेलच असं नाही. सिक्कीममध्ये पुढे झालंही तसंच काहीसं.

२००० साली एका ऑस्ट्रियन मोहिमेला सिक्कीमच्या बाजूने कांचनजंगा चढायची परवानगी मिळाली. त्यासाठी २०,००० डॉलर घेतल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. सिक्कीममध्ये संताप उसळला. भिक्षू, लेपचा आणि भुतिया संघटना, सामान्य माणसं, सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की आमचा देव भाड्याने देण्याचा अधिकार कोणाला आहे? लक्षात घ्या, इथे नियम मोडून कोणी लपून चढत नव्हतं. कागद पूर्ण होते, शिक्के होते, शुल्क भरलेलं होतं. फक्त ज्यांना विचारायला हवं होतं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर २००१ मध्ये सिक्कीम सरकारने अधिसूचना काढून कांचनजंगा आणि इतर पवित्र शिखरांवर चढाईला बंदी घातली. कायद्याचा आधार होता १९९१ चा उपासना स्थळांविषयीचा केंद्रीय कायदा. त्याआधी १९९८ मध्येच राज्याने पवित्र शिखरं, तळी, गुहा, खडक आणि गरम पाण्याचे झरे यांची यादी जाहीर केली होती. आणि १९९७ मध्ये युकसोमजवळचा राथोंग चू जलविद्युत प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे काम सुरू असताना रद्द केला होता, कारण ती नदी आणि तो परिसर पवित्र. १६४२ मध्ये पहिल्या चोग्यालांचा अभिषेक युकसोमलाच झाला होता. म्हणजे ही बंदी परदेशी गिर्यारोहकांवर राग म्हणून आलेली नाही. आपल्या राज्याची वीज सोडायची तयारी ज्यांनी दाखवली, त्यांनीच माथाही बंद केला.

या विषयावर जुन्या सहकाऱ्यांशी माझं अनेकदा बोलणं झालं. त्यांचे आक्षेप खोटे नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिला आक्षेप, डोंगर निसर्गाचा आहे, कोणा एका जमातीचा नाही. तत्त्व म्हणून ठीक. पण मग तो सरकारचाही नाही आणि शुल्क भरणाऱ्याचाही नाही. कोणाचा तरी शब्द मानायचाच आहे, तर जो शेकडो वर्षं त्याच्या पायथ्याशी राहिला, ज्याची मेलेली माणसं त्या दिशेने जातात, त्याचा मानावा. एका मोसमासाठी आलेल्या माणसाला माथा न मिळाल्याने जे गमवावं लागतं, ते फार मोठं नाही. लेपचांना जे गमवावं लागतं ते त्यांना पुन्हा दुसरीकडे मिळणार नाही.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. गिर्यारोहण आलं की पोर्टर, वाटाडे, खेचरवाले, हॉटेलवाले यांना काम मिळतं. हे खरं आहे, मी ते जवळून पाहिलं आहे. पण बंदी माथ्यावर आहे, पर्यटनावर नाही. युकसोमहून झोंगरी आणि गोएचा ला पर्यंतचा ट्रेक चालू आहे, दरवर्षी लोक जातात आणि कांचनजंगा समोरून पाहून येतात. काही लहान शिखरं राज्याने स्वतःच चढाईसाठी खुली केली. २०१६ मध्ये कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान जागतिक वारसा यादीत आलं, तेही निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. असा मिश्र दर्जा मिळालेलं ते भारतातलं पहिलं स्थळ. लोक त्या डोंगरावर श्रद्धा ठेवतात म्हणून तो दर्जा मिळाला, आणि त्याच श्रद्धेमुळे माथा बंद आहे. एक ठेवून दुसरं टाकता येणार नाही.

तिसरा आक्षेप, सगळे सिक्कीमवासी तरी कुठे मानतात? श्रद्धेच्या नावावर राजकारणही होतं. होतं, नाकारत नाही. कोणत्याही गावात सगळे एका विचाराचे नसतात. पण म्हणूनच निर्णय चव्हाट्यावर, लोकांमधून आणि कायद्याने व्हायला हवा, आणि सिक्कीममध्ये तो तसा झाला. उद्या त्यांनीच तो बदलला तर तेही त्यांचंच. बाहेरून कोणी येऊन ‘तुमच्यातले काही जण मानत नाहीत’ म्हणून दार ढकलणं योग्य नाही.

चौथा आक्षेप फौजी आहे आणि मला सगळ्यांत जवळचा. सैन्य कुठल्या डोंगरावर चढत नाही? सीमेवरच्या चौक्या काय देवाला विचारून बसवल्या? बुल कुमारांचंच उदाहरण देतात. कांचनजंगानंतर पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, तेच सियाचिनवर गेले, १९८१ मध्ये पुन्हा गेले. त्यांनी आणलेले नकाशे आणि माहिती १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हा कामी आली. सालतोरोच्या धारेवर आपला जवान आजही उभा आहे.

मला वाटतं, उत्तर याच उदाहरणात आहे. सियाचिनवर चढणं हे कर्तव्य होतं. तिथे गेलो नसतो तर दुसरा बसला असता. हुकूम आला की जवान चढतो, त्याला निवड नसते. कांचनजंगाच्या माथ्यावर कुठलीही चौकी नाही आणि तिथून देशाचं रक्षणही होत नाही. तिथे जाणं ही हौस आहे, उत्तम दर्जाची, धाडसाची, पण हौसच. कर्तव्यासाठी जे माफ असतं ते हौसेसाठी मागता येत नाही. आणि कर्तव्यावर गेलेला जवानसुद्धा तिथल्या देवाला डावलून जात नाही. सियाचिनच्या तळावर ओपी बाबाच्या ठाण्यावर हजेरी दिल्याशिवाय कोणी वर जात नाही, उतरल्यावरही आधी तिथेच जातो. उत्तर सिक्कीमच्या खिंडींत पोस्टवर पोचल्यावर दगडांच्या राशीला पताका बांधणारे मराठे, शीख, मद्रासी, सगळे मी पाहिले आहेत.

आणि सिक्कीममध्येच आपलं स्वतःचं एक पवित्र ठिकाण आहे. नाथुलाकडे ज्यांनी दिवस काढले त्यांना बाबा हरभजनसिंग यांच्याबद्दल सांगायला नको. २३ पंजाबचा हा शिपाई १९६८ मध्ये तिथे गेला. बाबा अजून ड्यूटीवर आहेत असं जवान मानतात. त्यांची खोली आहे, अंथरूण घातलं जातं, वर्दी आणि पॉलिश केलेले बूट ठेवले जातात. बरीच वर्षं त्यांची वार्षिक रजा निघायची आणि रेल्वेत त्यांच्या नावाची जागा राखली जायची. रोज शेकडो पर्यटक दर्शनाला येतात, आपण अडवत नाही. पण एखाद्याने बाबांच्या अंथरुणावर बसून फोटो काढायचं ठरवलं तर? मी फक्त कडेला बसतो म्हणाला तर? तिथल्या पहाऱ्यावरचा जवान त्याला काय करेल, हे आपल्याला माहीत आहे. तो अंधश्रद्धेची चर्चा करत बसणार नाही. जे आपण आपल्या शिपायासाठी मागतो, तेच दाजू त्याच्या पूर्वजासाठी मागत होता.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी उलुरू नावाचा प्रचंड तांबडा खडक आहे, ३४८ मीटर उंच. तिथले मूळ रहिवासी अनांगू. पर्यटकांना चढता यावं म्हणून १९६४ मध्ये त्यात लोखंडी खांब ठोकून साखळी लावली. २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारने ती जमीन अनांगूंना कागदोपत्री परत केली, पण ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने पुन्हा उद्यानासाठी घेतली, आणि चढाई चालूच राहिली. अनांगू बरीच वर्षं फलक लावून विनंती करत होते की कृपया चढू नका. चढताना तीसहून जास्त माणसं दगावली, आणि आपल्या भूमीवर पाहुणा मेला याचं दुःख अनांगू स्वतःवर घेत. शेवटी २०१७ मध्ये उद्यानाच्या मंडळाने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. बंद होण्याआधीच्या दिवसांत चढणाऱ्यांची रांग लागली होती. खडकाभोवती फिरायला, पाहायला, ऐकायला आजही मुभा आहे. विनंतीवर सोडलं तेव्हा काही जण थांबले, काही चढत राहिले. निर्णय अनांगूंच्या हातात आला तेव्हाच ते थांबलं.

आपल्याकडे मात्र गोष्ट अजून संपलेली नाही. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने परदेशी गिर्यारोहकांसाठी १३७ शिखरं खुली केल्याचं जाहीर केलं. त्यात सिक्कीममधली २४ होती आणि यादीत कांचनजंगाचंही नाव होतं. लेपचा-भुतिया संघटनांनी लगेच विरोध केला आणि राज्याच्या बंदीकडे बोट दाखवलं. पुन्हा तेच. यादी दिल्लीत तयार झाली, विचारायचं राहून गेलं.

नेपाळच्या बाजूने चढाई कायदेशीर आहे आणि चालू आहे. सीमारेषा डोंगराच्या माथ्यावरून जाते, तेव्हा एका बाजूने देव आणि दुसऱ्या बाजूने परवाना, असा प्रकार झाला आहे. मे २०१९ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी नेपाळमधून हे शिखर सर केलं. एका मोहिमेतले दहा मराठी लोक आठ हजारी शिखरावर, ही लहान गोष्ट नाही. बातमी ऐकून मला आनंद झाला. दाजूला ती कशी सांगावी, हे मात्र सुचलं नाही. मे २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या दिरांग इथल्या पर्वतारोहण संस्थेचं पथक नेपाळच्या बाजूनेच कांचनजंगावर पोचलं. सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांनी केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहून आक्षेप घेतला आणि शिखराचं पावित्र्य राखण्याची विनंती केली. या लोकांनी कुठलाही कायदा मोडला असं मी म्हणत नाही. चढणारे माझ्यापेक्षा शंभरपट धाडसी आहेत. पण इव्हान्स जेव्हा नेपाळमधून चढत होते तेव्हा तेही म्हणू शकले असते की सिक्कीमचा संबंध काय. ते म्हणाले नाहीत. एका परक्या देशाच्या माणसाने १९५५ मध्ये जे ओळखलं, ते आपल्या वर्दीतल्या माणसांनी त्याहून जास्त ओळखायला हवं. सिक्कीम आता आपलंच राज्य आहे, आणि तिथली मुलं सिक्कीम स्काउट्समध्ये, गोरखा पलटणींत, आसाम रायफल्समध्ये आपल्याच खांद्याला खांदा लावून उभी आहेत.

म्हणून माझं मत असं. सिक्कीमने बंद केलेल्या शिखरांवर हौसेसाठी जाऊ नये, सीमेच्या कुठल्याही बाजूने. निदान फौजेच्या आणि सरकारी संस्थांच्या मोहिमांनी तरी हा नियम स्वतःहून पाळावा. हिमालयात इतर शिखरं कमी नाहीत. दुसरं म्हणजे, कुठल्याही मोहिमेचा प्रस्ताव तयार होतो तेव्हा त्यात नकाशा, हवामान, रसद, ऑक्सिजन, वैद्यकीय मदत आणि माघारीची योजना असते. त्यात अजून एक परिच्छेद सक्तीचा करावा. या डोंगराचे लोक कोण, त्यांना विचारलं का, आणि ते काय म्हणाले. ‘नाही’ असं उत्तर आलं तर प्रस्ताव तिथेच मिटवावा, वर पाठवू नये.

आमच्या वाचकांत काही जण अजून नोकरीत आहेत, काही जण गिर्यारोहण संस्थांत शिकवतात. त्यांनी हा परिच्छेद घालून पाहावा. बाकीच्यांनी सिक्कीमला जरूर जावं. पांग ल्हाबसोलच्या दिवसांत गेलात तर रावंगलाचा नाच पाहा, कबी लुंगचोकला गाडी थांबवून ते दगड पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर सिंघिकला पहाटे पोचा, आकाश मोकळं असण्याची शक्यता तेव्हा जास्त असते.

जय हिंद.